आधी तुझं ताट वाढ

"ताई, नमस्कार. मी ४४ वर्षांची, राहायला बदलापूर, नोकरी दादरला एका छोट्या ऑफिसात अकाउंट्सची. पहाटे साडेचारला उठते, चार डबे, सासूबाईंच्या गोळ्या, गुडघ्यांना तेल, मग लोकल गाडी. घरी यायला साडेआठ होतात. मुलगा बारावीला, मुलगी सातवीला, मिस्टर अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टला. झोपायला पावणेबारा. गाडीत टॉयलेट नाही म्हणून सकाळी पाणीच पीत नाही, यंदा दोनदा युरिन इन्फेक्शन झालं, मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या. केस खूप गळतायत. पाळी आली की आठ-नऊ दिवस जाते, स्टेशनच्या पुलावर चढताना हल्ली मधेच थांबावं लागतं, कधी कधी गाडीत उगाच रडू येतं. मैत्रिणी म्हणतात स्वतःकडे लक्ष दे, योगा लाव, जिम लाव, स्वतःसाठी वेळ काढ. वेळ कुठून काढू? आणि रविवारी अर्धा तास आडवी झाले तरी चोरी केल्यासारखं वाटतं. रोजच्या धावपळीत जमेल असं काहीतरी साधं सांगा ना."

हे पत्र मी तीनदा वाचलं गं. तू विचारलंयस योगा-जिमबद्दल, पण माझं लक्ष अडकलं ते पुलावर. मधेच थांबावं लागतं, हे तू केस आणि रडू यांच्या मधे असं सहज टाकून दिलंयस जसं काही ते वयाचं किंवा दमल्याचं आहे, आणि मला तिथेच काळजी वाटली. मी २८ वर्षं परळला एका हॉस्पिटलात सिस्टर होते, डोंबिवलीहून रोज ये-जा केली, त्यामुळे तुझी गाडी, तुझा पूल, चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीवर बसून केलेला प्रवास हे सगळं मला माहितीये. आणि तुला तू म्हणतेय ते मोठी बहीण म्हणून, रागवू नकोस.

तर पहिलं काम, आणि बाकीचं सगळं ह्याच्या नंतर. रक्त तपासून घे. सीबीसी सांग, त्यात हिमोग्लोबिन कळतं. आठ-नऊ दिवस पाळी, पुलावर दम, केस गळणं, चिडचिड, रडू, हे सगळं एकत्र असलं की पहिली शंका हिमोग्लोबिनचीच घ्यायची असते. तुझ्या वयाच्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात, आणि हा काही दुर्मिळ आजार नाहीये, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमधल्या ५७ जणी त्यात निघाल्या. म्हणजे तुझ्या लेडीज डब्यात बसलेल्या मोजल्यास तर निम्म्याजणी निघतील, आणि त्यातल्या बऱ्याच जणी हेच म्हणत असतील की वय झालं, आता दम लागणारच. ४४ हे काय वय झालं का दम लागायचं!

सीबीसीबरोबर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा त्यात कळतो), थायरॉइडची टीएसएच, बी१२ आणि उपाशीपोटीची शुगर पण करून घे. थायरॉइड बिघडला तरी केस जातात, पाळी वाढते, थकवा येतो, आणि बी१२ कमी असणं हे आपल्याकडे शाकाहारी घरांत तर फारच कॉमन आहे. बीपी तिथेच मोजून घे. सरकारी दवाखान्यात सीबीसी फुकट होते, बाहेर केलीस तरी काही शे रुपयांत होते, एका पैठणीच्या फॉल-पिकोपेक्षा जास्त खर्च नाही.

आणि आठ-नऊ दिवसांची पाळी ही स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायची गोष्ट आहे. सात दिवसांच्या वर जात असेल, तास-दोन तासात पॅड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील तर सोनोग्राफी करून बघतात, गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी आहेत का, आणखी काही आहे का. चाळिशीनंतर पाळी बदलते हे खरं, पण "बदलते" म्हणून नुसतं सोडून द्यायचं नसतं. खालून रक्त जातच राहिलं आणि वरून तू कितीही बीट खाल्लंस तरी टाकी भरणार कशी? मूळ कारण शोधायला हवं. बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, चक्कर येऊन डोळ्यापुढे अंधारी आली तर मात्र रविवारची वाट बघू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर.

आता माझं सांगते. मी पस्तिशीची असेन, नाइट ड्यूटी करून घरी जाताना डोंबिवलीच्या पुलावर कठड्याला धरून उभी राहिले, पाय उचलेना. एका भाजीवाल्या मावशींनी बसवलं, पाणी दिलं, पोरी काही खाल्लंस का म्हणाल्या. मी रात्रभर दुसऱ्यांना सलाइन लावत होते, आणि खाल्लं काय होतं तर दोन चहा आणि चार बिस्किटं. तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात. मला नर्स असून कळलं नव्हतं, कारण मी कधी स्वतःकडे पेशंट म्हणून बघितलंच नव्हतं. तेव्हा घरी आई आली होती राहायला. तिने मला पहिल्या दिवशी काय केलं सांगू? औषध नाही, काही नाही. दुपारी सगळ्यांच्या आधी माझं ताट वाढलं. तव्यावरची पहिली भाकरी, गरम, पापुद्रा सुटलेली, ती माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, बस आणि ही खा, मग बाकीचे. आणि मला रडूच यायला लागलं, कारण लग्नानंतर अकरा वर्षांत मी तव्यावरची पहिली भाकरी खाल्ली नव्हती.

तू आठव बरं, तू कधी खाल्लीस? तुझ्या पत्रात चार डबे आहेत. मुलाचा, मुलीचा, मिस्टरांचा, आणि चौथा सासूबाईंसाठी झाकून ठेवलेला असेल, नाहीतर तुझा असेल, पण तुझा असला तरी पैज लावून सांगते की तो सगळ्यात शेवटी भरला जातो, आणि त्यात भाजी खरवडलेली असते, आणि पोळी जी जरा करपली किंवा नकाशा झाली ती. रात्री पण तसंच, सगळ्यांचं झालं की उरलेला भात, तळाची आमटी, कालची उसळ संपवायची म्हणून. आमटीतली डाळ खाली बसलेली मुलांना ढवळून वाढतेस आणि तुझ्या वाट्याला नुसतं पाणी. हे मी दोष द्यायला नाही म्हणत गं, आपण सगळ्या ह्यातच वाढलो.

म्हणून तुला मी दिवसात नवीन काही घालायला सांगतच नाहीये. तुझ्याकडे वेळ नाही हे खरं आहे, खोटं नाही बोलत तू. मी सांगतेय ते एवढंच की जे घरात आधीच शिजतंय, त्यातला तुझा वाटा शेवटी न घेता आधी घ्यायचा. उद्या पहाटे डबे भरताना पहिला डबा तुझा भर. चांगली पोळी, उसळ पळीभर जास्त, वर अर्धं लिंबू. पंधरा दिवस करून बघ, पहिले दोन दिवस हात अडखळेल, मग सवय होईल.

चहाचं. साडेचारला उठून उपाशीपोटी चहा, मग गाडी, मग अकरा वाजता ऑफिसचा चहा, असंच ना? चहा सोड असं मी कुणालाच सांगत नाही, पहाटेचा चहा हा पहाटेचा एकमेव सोबती असतो. फक्त चहाच्या आधी काहीतरी पोटात टाक, एक केळं, मूठभर भिजवलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, काही पण. आणि जेवण आणि चहा यात तासभर अंतर ठेव, कारण चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. ह्याच्या उलट लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो हे लोह शोषायला मदत करतात. डबा खाल्ल्या खाल्ल्या कटिंग मागवायची सवय असेल तर ती फक्त पुढे ढकल.

गुळाबद्दल सगळे सांगतात, गूळ-शेंगदाणे खा हिमोग्लोबिन वाढेल, पण खरं सांगू का, गुळाच्या एका खड्यातून फार लोह मिळत नाही, शेंगदाण्यासाठी खा, चवीसाठी खा, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. त्यापेक्षा मटकी, चवळी, हरभरा, हिरवे मूग, माठ, राजगिऱ्याचा पाला, बाजरीची भाकरी, तीळ, आणि तुमच्याकडे चालत असेल तर अंडी, मासे, मटण. अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीनेच खायचे असं कुठे लिहिलंय? खोबऱ्यात, दुधात भिजवून केलेले लाडू डब्यात दोन टाक. आणि माळ्यावर आईची किंवा सासूबाईंची जुनी लोखंडी कढई असेल ती खाली काढ, त्यात टोमॅटो किंवा आमसूल घातलेली भाजी केली की थोडं लोह भाजीत उतरतं, फक्त भाजी झाली की दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर काळी पडते. पण हे सगळं जोडीला. हिमोग्लोबिन खरंच खाली असेल तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील त्या घ्यायच्या. शौचाला काळं होतं, घाबरू नकोस, गोळीने होतंच. बद्धकोष्ठ झालं तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घे, मनाने बंद करू नकोस. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घ्यायच्या नाहीत. आणि आकडा वर आला म्हणून लगेच थांबायचं नसतं, साठा भरायला पुढे आणखी काही महिने घ्यावी लागते, इथे सगळ्याजणी चुकतात, महिन्याभराने बरं वाटलं की पाकीट कपाटात.

उपास करतेस का ते लिहिलं नाहीस, पण करत असशील असं धरून सांगते. संकष्टी, गुरुवार, आणि मार्गशीर्ष-श्रावण आला की विचारायलाच नको. दिवसभर साबुदाणा आणि चहा. साबुदाण्यात नुसता स्टार्च गं. श्रद्धेत मी बोट घालत नाही, मी पण संकष्टी करते. पण आजारी माणसाला उपासातून सूट असते हे आपल्या आज्याच सांगायच्या. हिमोग्लोबिन वर येईपर्यंत थांब, किंवा करायचाच तर राजगिऱ्याची भाकरी, दूध, दही, शेंगदाण्याची आमटी, भगर असं पोटभर करून खा.

आता पाण्याचं, आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे. बदलापूर ते दादर सव्वा-दीड तास, लोकलमध्ये टॉयलेट नाही, फलाटावरच्या टॉयलेटची अवस्था तू जाणतेस, म्हणून बाई पाणीच पीत नाही, आणि मग जळजळ, थंडी, गोळ्या. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टू पी' नावाची मोहीमच चालवली, बायकांना फुकट आणि स्वच्छ मुताऱ्या हव्यात म्हणून, म्हणजे ही तुझ्या एकटीची नाजूक तक्रार नाहीये, ह्या शहराने बायकांवर लादलेली गोष्ट आहे. पण त्या मुताऱ्या होईपर्यंत तुझ्या मूत्राशयाने थांबायचं का? तर असं कर. उठल्यावर लगेच एक पेला पाणी पी, निघेपर्यंत तुझ्याकडे दीड-दोन तास असतात, ते पाणी घरीच बाहेर पडतं. निघताना जाऊन ये. गाडीत नुसते घोट. मग ऑफिसात पोचल्यावर पाऊण लिटरची बाटली टेबलावर, जेवणापर्यंत संपवायची, दुसरी चारपर्यंत, मग निघायच्या आधी परत जाऊन ये. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरतंय, गडद झाली की कमी पडतंय, एवढी साधी खूण आहे.

आणि ऑफिसातलं टॉयलेट जर असं असेल की कडी लागत नाही, पुरुषांबरोबर कॉमन आहे, म्हणून तू जायचं टाळतेस, तर साहेबांना सांग. सरळ सांग, कडी बसवून द्या. सुतार दहा मिनिटांत बसवतो. मी किती बायका बघितल्यात ज्यांनी एका कडीपायी वर्षानुवर्षं इन्फेक्शन अंगावर काढलं, लाज वाटते म्हणून. मेडिकलमधून गोळ्या आणणं बंद कर. लघवी तपासून, कल्चर करून (त्यात कुठला जंतू आहे ते कळतं), डॉक्टर देतील ती अँटिबायोटिक पूर्ण दिवस घ्यायची, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवायच्या नाहीत. परत झालं आणि बरोबर थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या वर एका बाजूला दुखलं तर किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं, रजा टाक आणि जा.

झोप. पावणेबारा ते साडेचार म्हणजे पाच तास पण नाहीत. मोठ्या माणसाला निदान सात लागतात. इथे तुझ्या एकटीच्या हातात फार काही नाही, घराने हात लावल्याशिवाय ही गोष्ट होणार नाही, म्हणून मी तुला लवकर झोप असं म्हणणार नाही, कारण ओटा कोण आवरणार, सकाळची भाजी कोण चिरणार हे तुझं उत्तर मला ऐकू येतंय. बारावीचा मुलगा तसाही रात्री बारापर्यंत जागा असतो ना? अभ्यासातून उठायला त्यालाही कारण हवंच असतं, ओटा पुसणं आणि कुकर घासणं वीस मिनिटांचं काम आहे, त्याला सांग. तो म्हणेल नंतर करतो, करू दे नंतर, तू जाऊन झोप. सकाळी ओटा तुझ्यासारखा चकचकीत नसेल. चालेल. मिस्टर सेकंड शिफ्टला असतील तेव्हा सकाळ त्यांची मोकळी असते, मुलीचा डबा आणि सासूबाईंचं तेल-गोळ्या त्यांच्याकडे दे. आई त्यांचीच आहे, आणि मुलाने पाय चेपले तर त्या माउलीला जास्तच बरं वाटेल. सासूबाईंना लसूण सोलणं, भाजी निवडणं बसल्या बसल्या जमत असेल तर त्यांनाच विचार, गुडघे दुखणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त काय दुखतं तर आपला काही उपयोग नाही हे. आणि आठवड्यातून दोन दिवस पोळ्या बाहेरून घे. बदलापूरला पोळी-भाजी केंद्रं काय कमी आहेत? ती चालवणारी पण कुणीतरी आपल्यासारखीच बाई असते, तिचा पण संसार चालतो. ह्यातून तुला रोज तासभर मिळाला तर तो सरळ झोपेत घाल, दुसऱ्या कशात नको.

रात्री सगळं झाल्यावर मोबाइल बघत असशील तर तो मी काढून घेणार नाही, दिवसभरात तेवढीच एक गोष्ट आपली असते हे मला कळतं, फक्त ती सकाळच्या गाडीत ने. त्याच्या जागी माझी आई काशाच्या वाटीने तळपाय घासायची, तेल लावून, दहा मिनिटं. त्याने उष्णता निघते वगैरे म्हणतात, ते खरं-खोटं मी सांगू शकत नाही, पण दहा मिनिटं माणूस एका जागी बसतो आणि झोप चांगली लागते हा माझा अनुभव आहे. सासूबाईंना तेल लावतेस ना, त्याच वाटीतलं थोडं तुझ्या पायांना.

जिमचं म्हणशील तर आत्ता नकोच. हिमोग्लोबिन कमी असताना जिम लावलीस तर आणखी थकशील. आधी रक्त वर येऊ दे, मग दादरला उतरून ऑफिसपर्यंत चालत जा, तेवढं पुरे सुरुवातीला.

रडू येतं म्हणालीस. कमी झोप, कमी रक्त आणि चाळिशीनंतरचे हार्मोन्सचे बदल, तिन्हींनी रडू येतं, त्यामुळे आपण वेड्या झालो की काय असं मनात आणू नकोस. पण सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, सकाळी डोळे उघडल्यावरच नको वाटत असेल, किंवा मनात काही भलते विचार आले तर १४४१६ ह्या नंबरवर फोन कर. टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलतात. नाव सांगायची सक्ती नाही.

आणि ते चोरी केल्यासारखं वाटणं. ह्यावर माझ्याकडे मंत्र नाहीये. मला पण वर्षानुवर्षं वाटत होतं, दुपारी पडले आणि दाराची बेल वाजली की मी आधी उठून केस नीट करायचे, कुणाला कळू नये झोपले होते. कमी झालं ते मुलीमुळे. ती दहा वर्षांची होती, एकदा तिच्या भातुकलीत बघितलं, बाहुल्यांना सगळ्यांना वाढलं तिने आणि स्वतः रिकाम्या वाटीत बोट फिरवून म्हणाली, मला काय, मी खाईन उरलेलं. मी त्या दिवसापासून तिच्या शेजारी ताट घेऊन बसायला लागले, तिच्याबरोबरच, आधीच. तुझी मुलगी सातवीत आहे. तिचीही पाळी सुरू झाली असेल किंवा होईल, तिचंही हिमोग्लोबिन ह्याच फेरीत तपासून घे.

तर येत्या शनिवारी अर्धी सुट्टी टाक. सकाळी काही न खाता दोघी लॅबला जा, मिस्टरांना बरोबर घेऊन जा, म्हणजे रिपोर्टचा आकडा त्यांच्याही डोळ्यांसमोर येईल. जाताना डबा भरून ने, उसळ-पोळी, लिंबाची फोड, दोन लाडू, आणि रक्त देऊन झालं की तिथेच बाकावर बसून मायलेकी खा. रिपोर्ट आला की मला आकडा कळव, मी वाट बघतेय.